विश्लेषण : बालेवाडीत धावलेला ग्रेनाडाचा मुलगा ऑलिम्पिक विजेता झाला, जांबे गावातली मुलं अजून रस्त्यावरच का पळतात?

डेस्कवरची रात्रपाळी संपवून पहाटे घरी परतताना जांबे गावाच्या अलीकडे रोज एक दृश्य दिसतं. डंपर आणि मिक्सरची रहदारी सुरू व्हायच्या आत दहा-बारा मुलं रस्त्याच्या कडेने पळत असतात. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात साधे कॅनव्हास. बहुतेकांची तयारी पोलिस भरतीची. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, मुलींना लांब पल्ल्याच्या जागी ८०० मीटर. अंतर मोबाइलच्या ॲपवर मोजायचं, वेळ मित्राने घ्यायची.

याच गावापासून दहाएक किलोमीटरवर म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाली. ७१ देश आणि प्रदेशांचे संघ पुण्यात आले होते. त्यात कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा नावाच्या बेटावरचा एक १६ वर्षांचा मुलगा होता. त्याने मुलांची ४०० मीटरची शर्यत जिंकली. नाव किरानी जेम्स. आपल्याकडच्या बातम्यांत तेव्हा सायना नेहवाल होती, युकी भांब्री होता, यजमान भारताची ३३ सुवर्णपदकं होती. एका बेटावरच्या मुलाकडे लक्ष जाण्याचं काही कारणच नव्हतं.

चार वर्षांनी, ऑगस्ट २०१२ मध्ये, हाच मुलगा लंडन ऑलिम्पिकमध्ये ४३.९४ सेकंदांत ४०० मीटर धावला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. ग्रेनाडाच्या इतिहासातलं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. तिथल्या पंतप्रधानांनी देशाला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली.

ग्रेनाडा म्हणजे केवढा देश?

क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर. पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द १८१ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे ग्रेनाडा तिच्या दुपटीहून थोडा कमी. लोकसंख्या मात्र सव्वा लाखाच्या आत. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडचीच लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती. जायफळ हे तिथलं मुख्य पीक, इतकं मुख्य की देशाच्या झेंड्यावरही जायफळ आहे. जेम्स ज्या ग्वाव्ह गावचा, ते मासेमारीचं गाव.

भारतीय प्रेक्षकाला हा देश खरा माहीत झाला तो भालाफेकीमुळे. नीरज चोप्राचा जुना प्रतिस्पर्धी अँडरसन पीटर्स ग्रेनाडाचाच. २०१६ च्या २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत नीरजने ८६.४८ मीटरचा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकलं, तेव्हा कांस्य पीटर्सला मिळालं होतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या युजीनला उलटं झालं. पीटर्सने ९०.५४ मीटर भाला फेकून जागतिक विजेतेपद राखलं आणि नीरज ८८.१३ मीटरवर रौप्य घेऊन परतला. पॅरिस २०२४ मध्ये पाकिस्तानचा अर्शद नदीम पहिला, नीरज दुसरा, पीटर्स तिसरा.

पॅरिसला ग्रेनाडाने फक्त सहा खेळाडू पाठवले होते. पीटर्सचं कांस्य आणि डेकॅथलॉनमध्ये लिंडन व्हिक्टरचं कांस्य अशी दोन पदकं आली. स्पर्धा सुरू होण्याच्या महिनाभर आधी, १ जुलैला, ‘बेरिल’ चक्रीवादळाने या देशातल्या कॅरियाकू बेटाची दैना केली होती, हेही लक्षात ठेवायला हवं. शेजारच्या सेंट लुसियाने चार खेळाडू पाठवले. जुलियन अल्फ्रेडने महिलांची १०० मीटर १०.७२ सेकंदांत जिंकली आणि २०० मीटरमध्ये रौप्य मिळवलं. त्या देशाची ही पहिलीच ऑलिम्पिक पदकं. डॉमिनिकाचेही चार खेळाडू, त्यातल्या थिया लाफाँडचं तिहेरी उडीत सुवर्ण. आपले ११७ खेळाडू गेले आणि एक रौप्य, पाच कांस्य अशी सहा पदकं आली.

म्हणजे हे देश आपल्यापेक्षा दसपट हुशार?

ऑलिम्पिक संपलं की ‘दर लाख लोकसंख्येमागे पदकं’ असा तक्ता मोबाइलवर फिरायला लागतो. पॅरिसनंतरच्या तक्त्यात ग्रेनाडा सगळ्यात वर होता. इंजिनीअरिंग केल्याचा एक तोटा असा, की असा तक्ता दिसला की छेद तपासावासा वाटतो.

तपासू या. ग्रेनाडाची आजवरची ऑलिम्पिक पदकं पाच. म्हणजे साधारण २३ हजार लोकांमागे एक. हाच दर १४० कोटींना लावला तर भारताकडे साठ हजारांच्या आसपास पदकं हवीत. पॅरिसमध्ये ३२९ स्पर्धा होत्या आणि सगळ्या जगासाठी मिळून पदकं हजाराच्या थोडी वर. उत्तर हास्यास्पद येतं, कारण प्रश्नच चुकीचा आहे. ॲथलेटिक्सच्या एका प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त तीन खेळाडू उतरू शकतात, मग देश १४० कोटींचा असो की एक लाखाचा. छेद कितीही फुगला तरी अंशावर झाकण आहे.

दुसरी बाजू तक्त्यात दिसतच नाही. तिथे वरच्या जागांवर छोटी बेटं असतात, पण शून्य पदकं असलेली बेटं तक्त्यात नसतातच. मालदीव, तुवालू, किरिबाती, नाउरू यांच्यापैकी कुणालाही आजवर ऑलिम्पिक पदक मिळालेलं नाही. लहान असणं हा काही फायदा नाही. बहुतेक लहान देश हरतात, काही जिंकतात, आणि आपण जिंकलेल्यांचाच तक्ता पाहतो.

त्यामुळे ‘एवढासा देश करतो, मग आपण का नाही’ हा टोमणा मला तरी पटत नाही. विचारायचं ते वेगळं आहे. ग्रेनाडा आणि तुवालू दोन्ही लहान बेटं. मग एकाला पाच पदकं आणि दुसऱ्याला शून्य, असं का?

पात्र न ठरताही ऑलिम्पिकला जाता येतं का?

येतं. ज्या देशाचा एकही धावपटू पात्रता वेळ गाठू शकत नाही, त्याला आपला सर्वोत्तम खेळाडू पाठवण्याची मुभा असते. जलतरणातही तशी सोय आहे. म्हणूनच पुरुषांच्या १०० मीटरमध्ये मुख्य पहिल्या फेरीच्या आधी एक प्राथमिक फेरी होते, आणि टीव्हीवर ती बहुधा दाखवतही नाहीत. दहा-अकरा हजार वस्तीच्या तुवालूचे पॅरिसमधले दोन्ही खेळाडू १०० मीटरचेच होते. उद्घाटनाला झेंडा घेऊन चालायचं, दहा-बारा सेकंद धावायचं, परत जायचं.

याला कुणी हसू नये. पण ही सोय दारापर्यंत नेते, पुढे नेत नाही. पुढे जायचं तर खेळाडूला वर्षानुवर्षं आपल्या तोडीच्या मुलांशी धावायला मिळायला हवं, आणि ते बेटावर मिळत नाही. प्रशांत महासागरात सगळ्यात जवळचा शेजारीही शेकडो किलोमीटर दूर.

नाउरूने यातून आपला रस्ता काढला. जेमतेम २१ चौरस किलोमीटरचा हा देश, लोकसंख्या बारा हजारांच्या घरात. त्यांनी वेटलिफ्टिंग धरलं. लोखंड, फळी आणि एक खोली असली की सराव होतो. मार्कस स्टीफन याने १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, तेव्हा नाउरूला ऑलिम्पिक समितीची मान्यताही नव्हती. १९९२ च्या ऑलिम्पिकला तो सामोआकडून उतरला. हाच स्टीफन पुढे देशाचा अध्यक्ष झाला. पुण्यात युवा स्पर्धा चालू होती तेव्हा तो अध्यक्षपदावरच होता.

मग ग्रेनाडाने नेमकं काय केलं?

जेम्सची कारकीर्द तारखांनुसार लावून पाहिली की उत्तर दिसायला लागतं.

ग्रेनाडात शाळा-शाळांमधल्या वार्षिक ॲथलेटिक्स स्पर्धेला सणासारखं महत्त्व आहे. तिच्यावर ‘कॅरिफ्टा’ ही स्पर्धा. कॅरिबियन देशांतल्या शाळकरी आणि कुमार खेळाडूंसाठी ती १९७२ पासून ईस्टरच्या सुट्टीत भरते. म्हणजे एखादा ग्रेनाडाचा पोरगा पंधराव्या वर्षी जमैका, बहामा, त्रिनिदादच्या मुलांशेजारी उभा राहतो. उसेन बोल्टसुद्धा याच स्पर्धेतून वर आला. जमैकाच्या मुलाला हरवता आलं नाही तरी आपण किती मागे आहोत हे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत कळतं, आणि पुढच्या ईस्टरला पुन्हा कळतं.

जेम्स बारा वर्षांचा असताना, सप्टेंबर २००४ मध्ये, ‘आयव्हन’ चक्रीवादळाने ग्रेनाडातल्या जवळपास ९० टक्के घरांचं नुकसान केलं आणि राष्ट्रीय स्टेडियम मोडून पडलं. तरी तीन वर्षांनी, २००७ मध्ये, चौदाव्या वर्षी तो चेक प्रजासत्ताकातल्या ऑस्ट्राव्हा इथे १८ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ४६.९६ सेकंदांत दुसरा आला. २००८ च्या जुलैत पोलंडमध्ये २० वर्षांखालच्यांच्या जागतिक स्पर्धेत ४५.७० सेकंदांत पुन्हा दुसरा. त्याच ऑक्टोबरात पुणे आणि सुवर्ण. २००९ मध्ये इटलीत १८ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत २०० आणि ४०० मीटर, दोन्ही सुवर्ण. मग अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाची शिष्यवृत्ती आणि हार्वे ग्लान्स यांच्यासारखा प्रशिक्षक. २०११ मध्ये दक्षिण कोरियातल्या दैगूला जागतिक विजेता, तेव्हा वय होतं १८, दोनच दिवसांनी एकोणीस पूर्ण व्हायची होती. पुढे लंडनचं सुवर्ण, रिओचं रौप्य, टोकियोचं कांस्य. ४०० मीटरमध्ये ऑलिम्पिकची तिन्ही रंगांची पदकं मिळवणारा तो पहिला पुरुष. पॅरिसमध्येही तो अंतिम फेरीत होता, पाचवा आला.

चौदा ते अठरा या वयात एकही वर्ष रिकामं नाही. दर वर्षी एक मोठी शर्यत, आधीच्या वर्षापेक्षा थोडी अवघड. पुणे ही त्या जिन्यातली एक पायरी होती. आपल्यासाठी तो ‘इव्हेंट’ होता, त्याच्यासाठी पायरी.

यात ग्रेनाडाची श्रीमंती नाही, उलट परावलंबन बरंच आहे. वरच्या पायऱ्या दुसऱ्यांच्या घरात आहेत. व्हिक्टर टेक्सासमध्ये घडला, पीटर्स मिसिसिपीत शिकला, सेंट लुसियाची अल्फ्रेडही टेक्सास विद्यापीठाची. अमेरिकेतल्या कॉलेजांनी उद्या परदेशी खेळाडूंसाठी हात आखडता घेतला तर या बेटांचं काय होईल, ही तिथली खरी धास्ती आहे. पण खालच्या पायऱ्या, शाळा आणि ईस्टरची स्पर्धा, त्यांनी स्वतः बांधल्या आणि पन्नास वर्षं मोडू दिल्या नाहीत.

बालेवाडीत २००८ नंतर काय झालं?

इथे आपल्याच संकुलात दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात, म्हणून थोडं थांबायला हवं.

बालेवाडी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभं राहिलं. २००८ च्या स्पर्धेच्या निमित्ताने नेमबाजीची अद्ययावत रेंज आली. त्याच स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. ती पुढे लंडन ऑलिम्पिकला गेली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण मिळवलं. रेंज रिकामी राहिली नाही. २०११ मध्ये गगन नारंगची ‘गन फॉर ग्लोरी’ अकादमी तिथे सुरू झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून वर आला, रेल्वेत नोकरीला लागला, दीपाली देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने बालेवाडीत सराव केला, आणि पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यपदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं. प्रबोधिनी, नोकरी, प्रशिक्षक, रेंज. ग्रेनाडाच्या जिन्यापेक्षा वेगळा, पण जिनाच.

ट्रॅकचं काय? तिथेही मोठ्या स्पर्धा झाल्या. २०१३ ची आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा बालेवाडीत झाली, २०१९ ची खेलो इंडिया युवा स्पर्धा झाली आणि त्यात महाराष्ट्र ८५ सुवर्णांसह २२८ पदकं जिंकून पहिला आला. मधल्या काळात याच मुख्य स्टेडियमवर आयएसएलचे फुटबॉल सामने रंगले. जून २०२१ मध्ये एका बैठकीसाठी आलेल्या नेत्यांच्या गाड्या थेट धावपट्टीपाशी उभ्या असल्याचे फोटो देशभर फिरले. परवानगी शेजारच्या सिमेंटच्या पट्ट्यावर एकाच गाडीला होती, असा खुलासा झाला आणि क्रीडा आयुक्तांनी दिलगिरी व्यक्त केली. असले फोटो दोन दिवस चालतात. त्यावर आरडाओरडा करणं सोपं आहे.

अवघड गोष्ट वेगळी. या काळात महाराष्ट्राला ऑलिम्पिकपर्यंत नेणारे धावपटू आले कुठून? नाशिकच्या आदिवासी भागातून कविता राऊत, साताऱ्याच्या माणदेशातून ललिता बाबर, बीडच्या मांडवा गावातून अविनाश साबळे. साबळे तर सैन्यात गेल्यावर स्टीपलचेसकडे वळला. तिघेही लांब पल्ल्याचे. लांब पल्ला रस्त्यावर, डोंगरावर, शेताच्या बांधावर पळून घडू शकतो. ४०० मीटर तसं घडत नाही. त्याला वळणं असलेली पट्टी लागते, स्पाइक्सचे बूट लागतात, स्टार्टिंग ब्लॉक लागतो, आणि शेजारच्या लेनमध्ये आपल्याहून थोडा वेगवान मुलगा लागतो. म्हणजे ज्या सोयी बालेवाडीत आहेत, नेमक्या त्याच.

शालेय स्पर्धांचा जिना आपल्याकडेही कागदावर पक्का आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. पण तो चढणाऱ्या मुलाला वरून काय दिसतं? दहावी-बारावीला सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठीचं पाच टक्के आरक्षण. या सवलती वाईट नाहीत, अनेक घरं त्यांवर उभी राहिली. मात्र गुण मिळाले की पळणं थांबतं. ग्रेनाडातल्या मुलाला वर विद्यापीठाची जागा दिसते, आणि ती टिकवायची तर पळत राहावं लागतं. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. जनुकं, आहार, समुद्राची हवा वगैरे नंतर.

आता हा विषय का?

२०३० ची राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला होणार आहे. राष्ट्रकुलातल्या ५६ देशांपैकी ३३ छोटे देश आहेत, त्यातले बरेच बेटांचे. तेव्हाही कुठल्यातरी बेटावरून तीन-चार जणांचा संघ येईल, आपण संचलनात त्यांच्या वेगळ्या पोशाखाचं कौतुक करू. स्टेडियम किती कोटींचं, छत कसलं, मेट्रो कुठपर्यंत, याच्या बातम्या आमच्याच डेस्कवरून जातील. त्यासोबत एक आकडा मागायला हवा. स्पर्धा संपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी त्या ट्रॅकवर आसपासच्या तालुक्यातली किती शाळकरी मुलं सरावाला असतील, त्यांना आणणार कोण आणि शिकवणार कोण? हा आकडा यजमानपदाच्या कागदात नसेल, तर तो ट्रॅक पाहुण्यांसाठी बांधला जातोय असं समजावं.

बालेवाडीबाबत हे आजही विचारता येईल. म्हाळुंगे हे मुळशी तालुक्यातलंच गाव, २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलं. जांबे, मारुंजी, नेरे, माण ही गावं पिंपरी-चिंचवडमध्ये घ्यायची की नाही यावर वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या मार्गावर बालेवाडी स्टेडियम नावाचं स्थानकच आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी मुळशीतल्या शाळांसाठी चार लेन, एक बस आणि एक प्रशिक्षक, एवढ्याला नवं स्टेडियम लागत नाही. पण जिल्हा परिषदेची शाळा, तालुका क्रीडा कार्यालय आणि संकुल यांनी एका टेबलाशी बसावं लागतं. हे काम फीत कापण्यासारखं नाही, त्यामुळे ते कुणाच्या यादीत वर येत नाही.

मागच्या आठवड्यात त्या पहाटेच्या मुलांपैकी एकाशी बोललो. १६०० मीटरची वेळ त्याला सेकंदासकट पाठ होती, १०० मीटरचीही. ४०० मीटरची विचारली तर त्याने कधी लावूनच पाहिली नव्हती. “दादा, भरतीत चारशे नसतंच,” तो म्हणाला, मोबाइल खिशात टाकला आणि बाकीच्यांना गाठायला पळाला.